तारण आणि जामीन

जळगावच्या पतपेढीत ‘तारण’ म्हणजे गहाण ठेवलेले सोने. ख्रिस्ती मंडळीत तोच शब्द मुक्तीसाठी योजतात. पतपेढीत शेजारी जामीन राहू शकतो. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात मात्र वराला उशीर होतो, दिवे विझू लागतात आणि दहांपैकी पाच कुमारींना तेल उसने मिळत नाही. अंतकाळाची तयारी रोजच्या आचरणातच व्हावी लागते, हे विनोबांनीही १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेचा आठवा अध्याय सांगताना मांडले. साने गुरुजींनी ते टिपून घेतले. ख्रिस्ताच्या पुनरागमनाची तारीख काढणारे उपदेशक (त्यांचा उत्साह दांडगा!) मत्तयाच्या त्याच अध्यायाचा शेवट क्वचितच वाचतात. भुकेल्याला अन्न दिले काय, बंदिवानाला भेटलात काय, एवढाच हिशेब तेथे विचारला आहे.