मोहफूल विदेशी कसे?

चैत्रात शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर उजाडायच्या आत माणसे मोहाखाली पोचतात. रात्रभर फूल गळलेले असते. झाडाखालचा पाचोळा आधीच साफ करून ठेवलेला. पांढरट, रसाळ फुले उन्हे चढण्यापूर्वी टोपलीत यायला हवीत. मग ती अंगणात पसरून वाळवायची. वाळली की तपकिरी होतात, आकसतात, हातात घेतली तर मनुकाच वाटतात. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी घरांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

या फुलाच्या मद्याला सरकारी दफ्तरात दर्जा मिळाला तो ‘विदेशी मद्या’चा.

काजूबोंडे आणि मोहफुले यांपासून होणाऱ्या मद्याला ‘देशी’ऐवजी ‘विदेशी’ ठरवण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला. हेतू वाईट नव्हता. आपल्याकडे देशी म्हणजे हलके नि स्वस्त, विदेशी म्हणजे किमती. मोहाला चांगला भाव मिळावा म्हणून त्याला वरच्या पंगतीत बसवले. पण त्या पंगतीत बसायला त्याला आपले गाव सोडावे लागले.

कसारा घाट चढला की दुसरे चित्र दिसते. नाशिक जिल्ह्यात पांढऱ्या वाइनसाठी सोव्हिन्यॉ ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ ही द्राक्षे लावली जातात. दोन्ही वाण मूळचे फ्रान्सचे. त्यांच्यासाठी २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणले, करात सवलती दिल्या. पुढे ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. परदेशातून आलेले द्राक्ष नाशिकचे झाले, याचा आनंदच आहे. शेतकऱ्याने कष्ट केले, सरकारने पाठबळ दिले.

घाटाखालच्या फुलाच्या वाट्याला मात्र पोलिसी कायदा आला. इंग्रजांनी १८९२ मध्ये मोहफुलांसाठी खास कायदा केला, तोही ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. राज्य आपले झाले, दारूबंदीचा कायदा आपला झाला, तरी फुलांवरचा पहारा कायम राहिला. आदिवासींनी मोहफुले गोळा करण्यावरची आणि बाळगण्यावरची बंधने राज्याने उठवली ती २०२१ मध्ये. तोवर सव्वाशे वर्षे उलटून गेली होती.

दारूने पाड्यांवरचे संसार मोडले, हे कुणी नाकारू नये. पण हा आक्षेप द्राक्षाच्या धोरणाला आडवा आला नाही. मोहाच्याच वेळी तो का आठवावा?

शेजारच्या गोव्याने काय केले ते पाहावे. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०१६ मध्ये गोवा सरकारने फेणीला वारसा पेयाचा मान दिला. तिला मोठे करण्यासाठी परकी ठरवावे लागले नाही.

महाराष्ट्राने मोहासाठी स्वतंत्र वर्ग करावा. बाटलीवर मोहाचे नाव असावे, तालुक्याचे असावे, आणि फुले वेचणाऱ्या हातांना त्यातला वाटा मिळावा. शहापूरच्या रानात गळलेले फूल शहापूरचेच आहे. सरकारने ते तसे लिहावे.