कवितेतून वगळलेले एक नाव

एखाद्या माणसाला संपवायचे असेल तर दर वेळी आरोपपत्र लागतेच असे नाही. कुजबुज पुरते. आयरिश देशभक्त रॉजर केसमेंटच्या बाबतीत ब्रिटिश सरकारने दोन्ही वापरले.

केसमेंट मूळचा ब्रिटिश सरकारचाच अधिकारी. काँगोमध्ये रबरासाठी स्थानिकांवर होणारे अत्याचार त्याने १९०४ च्या अहवालातून जगापुढे आणले. पुढे दक्षिण अमेरिकेतल्या पुटुमायोमध्येही तेच काम केले आणि १९११ साली त्याला ‘सर’ किताब मिळाला. साम्राज्याचा खरा चेहरा इतक्या जवळून पाहिलेला हा माणूस शेवटी आपल्या आयर्लंडच्या स्वातंत्र्याकडे वळला. त्यासाठी त्याने महायुद्धात जर्मनीची मदत मागितली. एप्रिल १९१६ मध्ये तो केरीच्या किनाऱ्यावर पकडला गेला आणि राजद्रोहाच्या खटल्यात त्याला फाशी सुनावली गेली.

दयेची मागणी जोर धरू लागली तेव्हा सरकारी वर्तुळातून त्याच्या खासगी डायऱ्यांतला मजकूर पत्रकारांना आणि वजनदार मंडळींना दाखवला गेला. त्यात समलैंगिक संबंधांच्या नोंदी होत्या. खटल्यात हा पुरावा नव्हताच, त्यामुळे त्याला उत्तर देण्याची सोयही नव्हती. ३ ऑगस्ट १९१६ रोजी केसमेंट फासावर गेला.

वीस वर्षांनी, १९३६ साली, या डायऱ्या बनावट असल्याचे सांगणारे पुस्तक आले. ते वाचून खवळलेल्या डब्ल्यू. बी. येट्सने केसमेंटवर कविता लिहिली. २ फेब्रुवारी १९३७ रोजी ती डब्लिनच्या ‘आयरिश प्रेस’मध्ये छापून आली. तीत इंग्रज कवी आल्फ्रेड नॉइसला नाव घेऊन जाब विचारला होता, कारण १९१६ मध्ये नॉइसने अमेरिकी वृत्तपत्रातून त्या डायऱ्यांविषयी जहरी लिहिले होते. नॉइसने त्याच वृत्तपत्रात पत्र लिहून आपली बाजू मांडली. येट्सला ती पटली. १३ फेब्रुवारीला त्याच ‘आयरिश प्रेस’मध्ये कविता पुन्हा छापली गेली. नॉइसचे नाव वगळले होते, राग मात्र तसाच होता.

मला या कवितेपेक्षा हे अकरा दिवस मोठे वाटतात. बदनामीविरुद्ध लिहिताना आपल्या हातून कुणाची बदनामी होऊ नये, ही जाण दुर्मीळ आहे. आणि दुरुस्ती जिथे आरोप छापला तिथेच, तेवढ्याच ठळकपणे झाली. आपल्याकडे अटकेची बातमी फोटोसह पहिल्या पानावर येते आणि निर्दोष सुटल्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते. त्या चार ओळींची किंमत ज्या घरांनी मोजली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

पुढे नॉइसनेच १९५७ साली केसमेंटच्या बाजूने पुस्तक लिहिले आणि डायऱ्या बनावट ठरवल्या. २००२ मध्ये झालेल्या हस्ताक्षर तपासणीचा निष्कर्ष मात्र उलट निघाला : डायऱ्या केसमेंटच्याच.

मग कविता खोटी ठरली का? डायऱ्या बनावट आहेत हा तिचा आधार नक्कीच ढासळला. पण केसमेंटवरचा अन्याय तेवढ्याने पुसला जात नाही. ‘हे खोटे आहे’ एवढ्यावरच बचाव उभा केला, तर ‘खरे असते तर बदनामी योग्य होती’ हे आपण नकळत मान्य करतो. डायरी खरी असो वा बनावट, फाशीची वाट पाहणाऱ्या माणसाचे खासगी आयुष्य गुपचूप वाटत फिरणे हा गुन्हा होता. प्रश्न हस्ताक्षराचा नव्हता, ती पाने फिरवणाऱ्या हातांचा होता.