सुखाचा तिसरा क्षण

मराठी ललित गद्याने जबलपूर पाहिले ते बहुधा चांदण्यात. भेडाघाटला नावेत बसायचे, नावाड्याची यमकबद्ध बडबड ऐकायची, संगमरवरी कड्यांवर उतरलेली पौर्णिमा डोळ्यांत साठवायची, आणि परतताना कुल्हडातल्या चहाच्या वाफेत जीवनाचा अर्थ गवसल्याचे जाहीर करायचे, असा हा ठरीव क्रम आहे. छोट्या गोष्टींतील आनंद हे या लेखनाचे घोषवाक्यच होऊन बसले आहे. फडके, खांडेकर, काणेकर यांच्या लघुनिबंधात निदान विचाराला काही चाळा असे. क्षुल्लक विषय उलटासुलटा करून पाहण्याची फडक्यांची खोडी कृत्रिम वाटली तरी तिच्यात बुद्धीचे चापल्य होते. आज त्या जागी उरली आहे ती केवळ आत्मतुष्टी.

या लेखनावर सामाजिक जाणिवेच्या पक्षाकडून होणारा हल्लाही तितकाच उथळ आहे. आनंद म्हटला की तो मध्यमवर्गीय, आणि मध्यमवर्गीय म्हणून त्याज्य, हे समीकरण मांडणाऱ्यांना श्रमिकाच्या घरात कोणी हसते याचीच वार्ता नसावी. आनंद लहान असतो हा आक्षेपाचा मुद्दा होऊ शकत नाही. तो कोणत्या जीवनातून आला, हे लेखक दडवतो की उघड करतो, एवढेच समीक्षेने विचारायचे.

आणि हा प्रश्न जबलपूरशी नाते असलेल्या एका मराठीभाषक घरातील लेखकाने फार पूर्वी शास्त्रशुद्ध रीतीने हाताळला आहे. गजानन माधव मुक्तिबोध 1940च्या दशकात काही काळ जबलपुरात शिक्षक होते. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहिते झाले, हे स्वतः हिंदीत गेले. ‘एक साहित्यिक की डायरी’मधील काही लेख हरिशंकर परसाईंच्या ‘वसुधा’ या जबलपूरच्या मासिकातून प्रथम आले. त्यांतील ‘तीसरा क्षण’ या लेखात कलानिर्मितीचे तीन क्षण सांगितले आहेत. जीवनातील उत्कट अनुभवाचा पहिला. तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून कल्पनारूप धारण करतो तो दुसरा. त्या कल्पनारूपाला शब्दबद्ध करण्याची प्रक्रिया हा तिसरा. विशेष म्हणजे एवढा जड विचार एका मित्राबरोबरच्या भटकंतीच्या आठवणीतून उलगडत जातो. रोजच्या सुखाचे वावडे या कठोर कवीला मुळीच नव्हते.

प्रचलित ललित लेख पहिल्या क्षणावरून थेट तिसऱ्यावर उडी घेतो. चहा प्यायला, शब्द सुचले. मधला क्षण, जिथे अनुभव लेखकाच्या खाजगी मालकीतून सुटून इतरांच्या अनुभवांशी झगडतो, त्याला अवसरच मिळत नाही. मुक्तिबोधांचा ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा संग्रह 1964 साली, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी आला. त्या शीर्षकातील वाकड्या तोंडाच्या चंद्राचा भेडाघाटाशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण भेडाघाटावर लिहिणाऱ्याने ते शीर्षक तरी आठवावयास हरकत नव्हती.

कारण त्या चांदण्याखालचे पाणी निरागस नाही. जबलपूरच्या वरच्या अंगाला नर्मदेवर बांधलेले बर्गी धरण 1990 साली भरले. दीडशेहून अधिक गावांना त्याची झळ पोहोचली. शेती गेलेल्यांपैकी अनेकांनी पुढे जबलपुरात सायकलरिक्षा ओढल्या. धुआंधारच्या धारेची जाडीही आता बर्गीच्या दारांवर अवलंबून असते. ज्या पाण्याच्या तुषारांनी निबंधकाराचे मन मोहरले, ते पाणी धरणाने सोडलेले होते, आणि त्याला स्टेशनवरून मुक्कामाला नेणाऱ्याचे शेत कदाचित त्याच धरणाच्या तळाशी होते. एवढे लिहिले असते तर चांदणे मलूल झाले असते असे मानणे हा वाचकाचा अपमान आहे. ते अधिक खोल झाले असते.

त्या रिक्षावाल्यालाही सुख असते. नर्मदा त्याच्या लेखी आजही मैयाच आहे. गाव गिळणाऱ्या जलाशयावरून तो नदीला दोष देत नाही. संध्याकाळी ग्वारीघाटावर आरती चालू असताना पायरीवर बसून पाय पाण्यात सोडण्यात जो विसावा आहे, त्यात गमावलेले शेत, थकलेल्या पोटऱ्या आणि श्रद्धा ही सगळीच एकत्र असतात. मराठी ललित लेखक मात्र त्या पायरीशी फारसा थांबत नाही. त्याची नाव तिकडे भेडाघाटला सुटायची वेळ झालेली असते.