कंठ आवळतो तेव्हा

३ फेब्रुवारीस, संत ब्लेझ यांच्या सणी, धर्मगुरू दोन मेणबत्त्या भाविकांच्या कंठाशी धरून आशीर्वाद देतात. कंठाचे मोल तो एकाएकी आवळू लागला म्हणजेच कळते.

ग्वाल्हेर-मुरैना भागात हिवाळ्यात मोहरी फुलते व शेतांच्या बांधांवर मधमाश्यांच्या पेट्या मांडल्या जातात. माशी डसली की गांधी उठते, एवढेच आपणांस ठाऊक. (नांगी मात्र तत्काळ काढावी, ती राहिल्यास विष झिरपत राहते.) परंतु क्वचित एखाद्यास ते विष मुळीच सोसत नाही, तसेच कुणास कोळंबी, कुणास शेंगदाणा, कुणास पेनिसिलीन. थोड्याच मिनिटांत अंगभर गांधी उठतात, जीभ सुजते, आवाज घोगरा होतो, श्वास घेताना शिट्टी वाजल्यासारखे ऐकू येते. रिशे व पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ साली या विकारास ‘ॲनाफिलॅक्सिस’ हे नाव दिले.

घोगरा आवाज क्षुल्लक मानू नये. स्वरयंत्रापाशी सूज चढू लागल्याची ती खूण होय. अशा वेळी डंखावर चुना लावीत बसणे किंवा हळदीचे दूध पाजणे हा निव्वळ वेडेपणा आहे. गिळता येत नसलेल्याचे दूध श्वासनलिकेत जाते. ॲलर्जीची गोळी खाज शमविते, प्राण वाचवीत नाही. पहिले औषध ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन, तेही मांडीच्या बाहेरील स्नायूत. पाच मिनिटांत उतार न पडल्यास डॉक्टर ते पुन्हा देतात.

ज्यास धाप लागली आहे त्यास बसू द्यावे. आडवे होण्याचा आग्रह धरू नये. घेरी येत असल्यास निजवून पाय उंच करावेत. उभे करणे वा चालविणे दोघांसही घातक. शुद्ध हरपली पण श्वास चालू असला, तर कुशीवर वळवून हनुवटी किंचित वर करावी.

ग्वाल्हेरात १९४६ साली स्थापन झालेल्या गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न जयारोग्य रुग्णालय आहे. अशा मोठ्या रुग्णालयांत श्वासनलिकेत नळी घालता येते. पण सूज फार वाढली की तीही शिरत नाही, आणि गळ्यास छेद देऊन वाट करावी लागते. म्हणून शहराच्या ओढीने वाटेतील आरोग्य केंद्र ओलांडून जाऊ नये. तेथे प्रथम इंजेक्शन घ्यावे, मग १०८ च्या गाडीने पुढे जावे.

बरे वाटले तरी काही तास रुग्णालयातच थांबावे. त्रास पुन्हा उलटू शकतो. ज्या औषधाने तो झाला त्याचे नाव कागदावर लिहून घ्यावे व पुढे प्रत्येक डॉक्टरास आधी तो कागद दाखवावा.