पाण्यांतील प्रेताची साक्ष

सिरोंच्यास प्राणहिता गोदावरीस मिळते. अशा विस्तीर्ण पात्रांत प्रेत सांपडलें म्हणजे ‘बुडून मेला’ असें म्हणून दहनाची घाई होते. ती आम्हांस मान्य नाहीं. माणूस बुडून मेला, कीं मेल्यावर पाण्यांत टाकला गेला, हा खरा प्रश्न; त्याचें उत्तर चितेंत जळून जातें.

कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत आकस्मिक मृत्यूच्या परीक्षेस एक अध्यायच दिला आहे. फुगलेलें पोट व चावलेली जीभ हीं बुडाल्याचीं, आणि मुखावरील फेस हें विषाचें चिन्ह, असें तो सांगतो. फेसाविषयीं आजचें वैद्यक अधिक सावध आहे. नाकातोंडांतून येणारा, पुसला तरी पुन्हां येणारा बारीक पांढरा फेस बुडण्याचेंहि लक्षण असूं शकतो. मुठींत आवळलेलें शेवाळ तर जिवंतपणींच्या धडपडीची खूण. हातापायांच्या सुरकुत्या मात्र पाण्यांत टाकलेल्या प्रेतासहि पडतात. त्यांवर विसंबूं नये.

प्रेत कुजलें असल्यास अस्थींतील मज्जा तपासतात. पाण्यांत डायाटम नांवाचीं सूक्ष्म शैवालें असतात. बुडतांना हृदय चालूं असेल, तर तीं रक्तावाटे मज्जेपर्यंत पोंचतात. न सांपडलीं म्हणून बुडणें खोटें ठरत नाहीं. आणि तुलनेसाठीं नदीच्या त्याच ठिकाणचें पाणीहि सोबत धाडावें लागतें.