सॅटेलाइटला आजी दिसत नाही म्हणून प्लॉट जातो का?



आमच्या पाड्यावरचे दावे घेऊन आम्ही एका कचेरीत गेलो होतो. साहेबांनी कॉम्प्युटर आमच्याकडं वळवलासुद्धा नाही. म्हणाले, "सॅटेलाइटमध्ये तुमची शेती दिसत नाही. २००५ ला तिथं जंगल होतं." आमच्याबरोबर एक आजी होती. लग्न होऊन पाड्यावर आली तेव्हापासून ती त्या प्लॉटवर नागली लावतेय. तिनं विचारलं, "मग मी दिसते का त्याच्यात?" साहेब हसले. दावा नामंजूर झाला.

आम्ही विचारलं, चित्र कुठल्या तारखेचं? कुठल्या उपग्रहाचं? आमच्या प्लॉटची हद्द त्याच्यावर मारली कोणी? सगळ्याला एकच उत्तर, "ते एजन्सीकडं आहे."

म्हणजे आमच्यावर साक्ष देणारा साक्षीदार लपवून ठेवलाय, आणि त्याला उलट प्रश्न विचारायचा नाही. हे आम्हाला मान्य नाही.

आधी कायदा. वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असलेल्या आदिवासीला ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. २०१२ ला नियमांत दुरुस्ती झाली. नियम १२ अ मध्ये स्पष्ट लिहिलंय की उपग्रहाचं चित्र इतर पुराव्याला जोड म्हणून वापरता येईल, त्याच्या बदल्यात नाही. नियम १३ मध्ये म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब हा पुरावा धरलाय. म्हणजे कायद्यानं आजीची साक्ष मोठी आणि चित्र तिच्या मदतीला. कचेरीनं ते उलटं केलं.

आता हे चित्र असतं तरी काय ते बघा. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रात एक चौकट ३० मीटर बाय ३० मीटरची असते. म्हणजे जवळजवळ ९ गुंठे. अर्ध्या एकराचा प्लॉट म्हणजे जेमतेम सव्वादोन चौकटी. त्यात बांधावर एक मोह आणि दोन ऐन असले की चौकट हिरवी झाली. हिरवी म्हणजे जंगल! ऐन आम्ही राबासाठी राखतो. झाड राखलं त्याचीच आम्हाला शिक्षा.

दुसरी गोष्ट तारखेची. आमची नागली, वरई पावसात उभी असते. पावसात वर ढग, चित्र मिळत नाही. कापणी झाली की प्लॉट उघडा. उन्हाळ्यातलं चित्र घेतलं तर तिथं पीक दिसणारच कसं? तिसरी गोष्ट, लँडसॅट-७ चा एक भाग मे २००३ मध्ये बिघडला. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक चित्रातला पाचव्या हिश्शाहून जास्त भाग रिकाम्या पट्ट्यांत गेला. तुमचा प्लॉट पट्टीत सापडला तर यंत्राला तिथं काहीच दिसलेलं नाही. पण कागदावर येतं, "शेती दिसत नाही." न दिसणं आणि नसणं यातला फरक आमच्या पोराबाळांना कळतो, कचेरीला कळत नाही.

हे आम्हाला कसं कळलं? आम्ही काही इंजिनिअर नाही. बारावी झालेलो आहोत. एका जुन्या लॅपटॉपवर क्यूजीआयएस नावाचा प्रोग्रॅम टाकला. तो २००२ मध्ये गॅरी शेरमन यांनी सुरू केला, पुढं जगभरच्या माणसांनी मिळून वाढवला. त्याला पैसे पडत नाहीत. पण फुकट आहे ही मोठी गोष्ट नाही. मोठी गोष्ट त्याच्या परवान्यात आहे: कोणीही वापरा, आतलं उघडून बघा, बदला, दुसऱ्याला द्या. क्यूजीआयएसमधूनच ग्रास नावाचा जुना प्रोग्रॅमही चालवता येतो. तो अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेत लष्कराच्या जमिनी सांभाळायला बनवला होता. आज तो पाड्यावरच्या लॅपटॉपवर चालतो. हत्यार उघडं असलं की ते मालकाचं एकट्याचं राहत नाही.

लँडसॅटची चित्रं २००८ पासून सगळ्यांना फुकट खुली आहेत. आम्ही ती उतरवली. जीपीएस घेऊन प्लॉटच्या बांधाबांधानं चाललो, आजी पुढं, आम्ही मागं. ती हद्द चित्रावर ठेवली. वेगवेगळ्या महिन्यांची चित्रं एकाखाली एक लावली. मग दिसलं की एका महिन्यात जे "जंगल" आहे ते दुसऱ्या महिन्यात उघडं आहे. जंगल असं दर वर्षी उघडं होतं का?

आमच्यातले काही साथी म्हणतात, "कॉम्प्युटर हे साहेबाचं हत्यार. आपण नकाशा काढला म्हणजे त्याचा कायदा मानला." यातलं अर्धं खरं आहे. ज्याच्याकडं लॅपटॉप नाही त्याचा हक्क कमी, असं उद्या कोणी म्हटलं तर आम्हीच पहिले रस्त्यावर येऊ. नकाशा हा हक्क देत नाही, हक्क ग्रामसभा ठरवते. पण साहेब खोटा नकाशा पुढं करतो तेव्हा नुसती घोषणा देऊन तो खोटा ठरत नाही. तो उघडून दाखवावा लागतो.

काही उलटं म्हणतात, "आता जीपीएस आलं, काम झालं." तेही चूक. साधं जीपीएस उघड्या माळावरही ५ मीटरनं चुकतं, झाडाखाली आणि दरीत त्याहून जास्त. एक एकराच्या चौकोनी प्लॉटची एक बाजू ५ मीटर आत सरकली तर ३ गुंठे गेले. म्हणून शेजारच्या प्लॉटवाल्याला उभं करून, ओहळ, दगड, झाड अशा खुणा लिहून घ्याव्या लागतात. आमच्या यंत्रालाही आम्ही जोडच मानतो.

आणि एक सावधगिरी. देवाची जागा, औषधाची झाडं, मधाचे कडे यांचे ठिपके ग्रामसभेच्या परवानगीशिवाय कोणाला द्यायचे नाहीत. मग तो संस्थेचा माणूस असो की आपला.

नामंजुरी हा नुसता शिक्का नाही. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढायला सांगितलं होतं. देशभर लोक उठले, २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. म्हणजे एका चुकीच्या चौकटीवर एक घर उठू शकतं.

म्हणून आमची मागणी:

१) ज्या चित्रावर दावा फेटाळला त्याची तारीख, उपग्रहाचं नाव आणि चौकटीचा आकार नामंजुरीच्या कागदावर लिहा.

२) छापील रंगीत कागद नको. प्लॉटच्या हद्दीची फाइल ग्रामसभेला द्या. वन आणि महसुली नकाशे ग्रामसभेला पुरवणं हे उपविभागीय समितीचं काम आहे, नियम ६ वाचा.

३) नकाशा कोणत्याही खुल्या प्रोग्रॅममध्ये उघडेल असा द्या. बंद पेटीतला पुरावा आम्ही पुरावा मानणार नाही.

४) नुसत्या चित्रावर फेटाळलेले सगळे दावे ग्रामसभेपुढं परत उघडा.

साथींनो, नामंजुरीचा कागद आला तर घरात ठेवू नका. उपविभागीय समितीच्या निर्णयावर जिल्हा समितीकडं जायला ६० दिवस असतात. कागद घेऊन पाड्याच्या बैठकीत या. म्हाताऱ्यांचे जबाब आत्ताच लिहून घ्या, ती माणसं कायमची नाहीत. आणि पाड्यापाड्यातून शिकलेली एक पोरगी, एक पोरगा द्या. आम्हाला जेवढं येतं तेवढं शिकवू.

आजी त्या चित्रात दिसत नाही. पण तिनं घातलेला बांध दिसतो. तो आम्ही त्यांना दाखवणार.

जंगल जमीन आमच्या हक्काची, नाही कोणाच्या बापाची!