थंडीचा भरवसा

अर्नाळा, नायगाव, पाचूबंदरची ताजी मासळी दारी येणाऱ्या वसई-विरारमध्येही गोठविलेल्या अन्नाचे फ्रीझर आता दुकानांत दिसू लागले आहेत. सोय म्हणून आम्ही त्यांचे स्वागतच करतो. परंतु थंडी जंतूंना मारीत नाही, त्यांना केवळ निद्रिस्त करते. उणे १८ अंशांची साखळी कारखान्यापासून गिऱ्हाइकापर्यंत अखंड राहिली, तरच ते अन्न निर्धोक. वीज गेली वा दुकानदाराने रात्री फ्रीझर बंद ठेवला, की माल वितळतो, सकाळी पुन्हा गोठतो, आणि दोष बर्फाखाली झाकला जातो.

१९९७ साली युरोपीय संघाने अस्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मासळीची आयात रोखली, तेव्हा आमच्या निर्यातदारांनी आपले कारखाने सुधारले. परकीय गिऱ्हाइकासाठी जे साधले, ते विरारच्या गृहिणीसाठी का साधू नये? २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अधिकार दिलेलेच आहेत. अन्न व औषध प्रशासनाने तापमापक घेऊन अवचित तपासणी करावी, दुकानदाराने तापमानाची नोंद दर्शनी लावावी आणि गिऱ्हाइकाने ती पाहूनच माल घ्यावा. विषबाधेनंतरच्या चौकशीपेक्षा हा मार्ग स्वस्त आहे, आणि शहाणपणाचाही.